साडीमागे एक रुपया

सोलापुरात काम मागायला जायचं तर सकाळी दहाच्या आत जावं, उन्हानं दुकानदाराचं डोकं तापायच्या आधी, असा माझ्या भावाचा सल्ला होता. तो अधिकारवाणीनं द्यायचा, कारण त्याला अनुभव होता. आदल्या दिवाळीत तो नवी पेठेतल्या एका फटाक्यांच्या स्टॉलवर गेला, 'पोरगा पाहिजे का' म्हणून विचारलं, आणि त्याच संध्याकाळी सुतळी बॉम्बची खोकी उचलायला लागला. नववीतला पोरगा. घरात त्याचं केवढं कौतुक! वडील जिल्हा परिषदेत कारकून, मुलानं काही उद्योग केला याचं त्यांना अप्रूप. पुढे महिनाभर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, चिरंजीवांनी स्वतःच्या कमाईचा शर्ट घेतला, हे ऐकल्याशिवाय चहा मिळाला नाही. आईनं त्याच्या नोटा देवापुढं ठेवल्या आणि वर साखरेची वाटी.

तेव्हा मी ठरवलं, आपणही काम करायचं. १९८८ ची उन्हाळ्याची सुट्टी. आठवीची परीक्षा संपली होती, १ मेच्या निकालाची धास्ती नव्हती आणि मला तेरावं वर्ष होतं. पैसे कशाला हवे होते, असं आई विचारायची, आणि मला नीट उत्तर देता यायचं नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर जाताना दर वर्षी वडील मुठीत नाणी ठेवायचे आणि परत आल्यावर हिशेब विचारायचे. हिशेब द्यावा न लागणारे पैसे हवे होते, इतकंच. हे आईला सांगण्याजोगं नव्हतं.

पहिलं दुकान पुस्तकांचं. जूनमध्ये शाळा उघडताना तिथं झुंबड उडायची, वरच्या फळीवरचे गठ्ठे उतरवायला आणि वह्या मोजायला पोरं ठेवायचे. मालकांनी चष्मा वर करून विचारलं, "कुणाची गं तू?" नाव सांगितल्यावर म्हणाले, "साहेबांना माहीत आहे का, तू आलीस ते?" आणि बरणीतली लिमलेटची गोळी हातावर ठेवली. औषधांच्या दुकानात सरळ सांगितलं, "मुलींना नाही ठेवत, बाळ." रसवंतीत गेलेच नाही. तिथं सगळे बाप्येच बसलेले असायचे, आणि कुणी मागितलं असतं तरी तिथं मला घरून सोडलं नसतं. वाचनालयातले आजोबा मात्र मनापासून खूश झाले. पुस्तकांना नंबर चिकटवायचं काम पडलं होतं, रोज ये म्हणाले. पैशाचं विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "अगं, ही तर सेवा आहे." मुलीला फुकट काम द्यायला गावात कुणाची ना नव्हती, हे तेव्हाच लक्षात आलं; फक्त त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी आमच्या बाई वर्गात कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी भरभरून बोलल्या होत्या. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये स्थापन झाली, साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, शेतात राबून, खडी फोडून शिकायची. वसतिगृह चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. 'कमवा आणि शिका' हे शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते. बाईंचा गळा दाटून आला होता. मी घरी येऊन तेच शब्द आईला ऐकवले, तर ती म्हणाली, "ते गरिबाच्या मुलांसाठी गं. तुला काय कमी आहे?" यावर काय बोलणार? खरंच काही कमी नव्हतं.

आमच्या वाड्याच्या मागं एक चाळवजा घर होतं. तिथं माझी शाळेतली मैत्रीण राहायची. घरात तेलुगू बोलायचे. आजोबा कधीकाळी मागावर काम करायला तेलंगणातून आलेले, वडील यंत्रमागावर, आणि आई विड्या वळायची. पूर्व भागात असं घर शोधायला लागत नाही. दाराशी बसलेल्या बाईच्या मांडीवर सूप दिसतंच. त्या दिवशी औषधाच्या दुकानातून तोंड पाडून परतताना मी तिच्या उंबऱ्यावर टेकले. ती अम्माशेजारी बसली होती. माझं सगळं ऐकून म्हणाली, "कशाला हिंडू लालीस उन्हात? बस इथं, पानं काप."

तेंदूची पानं आदल्या रात्री पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली असायची. कोरडी राहिली तर तडकतात, फार ओली झाली तर काळी पडतात. पानावर पत्र्याचं माप ठेवायचं, आणि कात्रीनं त्याच्या कडेनं कापायचं. शिरा कुठून जातात ते बघूनच माप फिरवायचं, म्हणजे एका पानात दोन तुकडे बसतात. मला एकच बसायचा. अम्मा तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि हसत माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "पान वाया जातंय म्हणे," मैत्रिणीनं सांगितलं. पानं कारखान्यातून वजनावर मिळायची आणि तेवढ्यात हजार विड्या व्हायलाच हव्यात असा हिशेब. पानं खराब निघाली, फाटली, कमी पडली तर वरची पानं आपल्या पैशानं आणायची. हे ती मला असं सांगत होती जसं आपण कुणाला बसचा नंबर सांगतो. सांगताना हात चालूच होते: चिमूटभर तंबाखू पानावर पसरायचा, दोन्ही हातांच्या बोटांत पान गुंडाळायचं, दोऱ्याचे वेढे, आणि मग टोक आत मुडपायचं. मुडपायचं काम तिचं. ते तिच्याकडं कधीपासून होतं ते तिलाही आठवत नव्हतं. बोटं लहान असतात तेव्हा ते चांगलं जमतं, असं म्हणायचे. पंचवीस विड्यांचं एक बंडल. संध्याकाळी बंडलं घेऊन अम्मा कारखान्यात जायची. त्याला कारखाना म्हणत, तरी तिथं यंत्र एकही नव्हतं. एक खोली, एक वजनकाटा आणि विड्या तपासणारा माणूस. वाकड्या, सैल विड्या तो बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि त्या परतही मिळायच्या नाहीत.

मी त्या उंबऱ्यावर बसून काम शोधण्याच्या गप्पा मारत होते आणि ती हजार विड्यांची टोकं मुडपत होती. काम शोधायला आधी रिकामं असावं लागतं. हे आज लिहिता येतं. तेव्हा तिचा मला थोडा हेवाच वाटला होता, कारण तिला कुणी 'साहेबांना माहीत आहे का' असं विचारत नव्हतं.

मला काम मिळालं ते तिच्यामुळंच. तिनंच सांगितलं, कोपऱ्यावरच्या पिकोवाल्या काकूंकडं साड्यांचा ढीग पडलाय, लग्नसराई आहे, फॉल लावायला हात पाहिजेत. काकूंचं दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. एक पिकोचं मशीन, एक साधं शिलाई मशीन, आणि भिंतीला लागून पाटीवर साड्या, प्रत्येकीत नावाची चिठ्ठी टाचलेली. त्यांनी मला प्रश्न विचारले नाहीत. पदराचं एक टोक हातात दिलं आणि म्हणाल्या, "चार बोटं हेम करून दाखव." करून दाखवलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीपाशी नेलं आणि उसवलं. "परत कर. टाका दिसतोय." दुसऱ्यांदा काही बोलल्या नाहीत. साडीमागं एक रुपया, दोरा तुझा, असं ठरलं. आईनं एका अटीवर होकार दिला, की साड्या घरी आणून करायच्या, तिथं दुकानात बसायचं नाही. काकूंनाही तेच बरं होतं, जागा कुठं होती?

फॉल लावायला बसलेल्या बाईकडं कुणी नीट बघत नाही, म्हणून थोडं सांगते. फॉलची पट्टी आधी रात्रभर पाण्यात टाकायची, म्हणजे आटायची तेवढी आटून घेते. न आटवता लावली तर पहिल्याच धुण्यात काठ गोळा होतो, आणि बाई साडी घेऊन भांडायला येते. मग वाळवून इस्त्री. साडीच्या आतल्या टोकापासून वीतभर सोडून खालच्या काठाला आतून फॉल लावत जायचा. निऱ्या पायाशी पडतात तो सगळा भाग त्यात यायला हवा. खालची कड काकू मशीनवर मारून द्यायच्या. वरची कड हातानं, ती माझी. ती सोपी वाटते आणि नसते. फॉलचा काठ बोटभर दुमडायचा, सुई फॉलमधून काढायची आणि साडीचा एकच धागा उचलायचा, एकच. दोन उचलले तर सुलट बाजूनं ठिपका दिसतो. दोरा ओढताना हात आवळला तर साडीला चुण्या पडतात, सैल सोडला तर फॉल लोंबतो आणि अंगठा अडकून उसवतो. सुती साडी हाताला ऐकते. शिफॉन मांडीवरून निसटून जमिनीवर जाते, आणि परत गोळा करून घेईपर्यंत कापड तिरकं झालेलं असतं. दोऱ्याचा रंग तर निराळंच प्रकरण. ट्यूबलाइटखाली मोरपंखी जुळलेला दोरा उन्हात हिरवागार दिसायचा. मॅचिंग सेंटरमध्ये रीळ घेताना मी साडीचं टोक घेऊन दाराबाहेर जायचे आणि दुकानदार 'चोरून नेतेस की काय' म्हणून ओरडायचा.

दुपारभर मी मधल्या खोलीत साड्यांत बुडालेली असे. पाहुणे आले की आई हळूच साड्यांवर चादर टाकायची, सोलापुरी चादर, जड, तिच्याखाली काहीही झाकलं जायचं. कुणी विचारलंच तर, "तिला शिवणाची आवड आहे." भावाच्या फटाक्यांची गोष्ट मात्र त्याच पाहुण्यांना परत एकदा सांगितली जायची. मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर आईवर नाही. तिनं आयुष्यभर घरात केलेल्या कामालाही आवडच म्हटलं गेलं होतं. तिच्याकडं दुसरा शब्दच नव्हता, आणि माझ्या कामाला तिनं जे दिलं ते तिच्याजवळ होतं तेच दिलं.

काकूंकडं मात्र एक दोनशे पानी वही होती. साडी परत दिली की त्या त्यात लिहायच्या: तारीख, साडीवाल्या बाईचं नाव, आणि पुढं माझं नाव. आडनावाशिवाय, वडिलांच्या नावाशिवाय, नुसतं माझं. शाळेच्या हजेरीत माझं नाव तिघांचं मिळून असायचं, रेशनकार्डावर वडिलांच्या खाली चौथं. या वहीत ते एकटं होतं आणि त्याच्यापुढं रुपया. मला आठवतं, साडी देऊन झाल्यावरही मी उगाच रेंगाळायचे, त्या लिहितायत ना हे बघायला. एकदा त्या गडबडीत लिहायच्या राहिल्या आणि मी घरी जाऊन परत आले. "काकू, लिहायचं राहिलं." त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन शोधलं आणि लिहिलं. त्यांच्याकडून मी शिवण शिकले ते शिकलेच, पण त्यांचं हे न हसणं माझ्या जास्त ध्यानात आहे.

गिरगावात १९५९ साली सात बायकांनी गच्चीवर बसून पापड लाटायला सुरुवात केली, ऐंशी रुपये उसने घेऊन, ही लिज्जतची गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. ती सांगताना लोक पापडांवर आणि चिकाटीवर येऊन थांबतात. मला त्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट: पीठ केंद्रावरून न्यायचं, घरी लाटायचं, पापड आणून द्यायचे, आणि प्रत्येक बाईच्या नावानं हिशेब. काम घरातलंच, बाई घरातलीच, फक्त तिचं नाव कुठंतरी लिहिलं गेलं. आमच्या सोलापुरातही शेंगाचटणी आणि कडक भाकरी कितीतरी घरांतून बाहेर पडते, पुण्या-मुंबईला जाते. पिशवीवर छापलेलं नाव कुणाचं असतं ते बघावं कधीतरी.

पहिले पैसे मिळाले तेव्हा मी ते आईच्या हातात दिले. मला वाटलं, देवापुढं जातील. आईनं मोजले, कौतुकानं माझ्या गालावरून हात फिरवला आणि परत दिले. "ठेव तुझ्याजवळ. काही क्लिपाबिपा घे." आता वाटतं, हिशेब न विचारता दिलेले ते पहिले पैसे होते. म्हणजे मला हवं होतं तेच मिळालं होतं. तरी मी दोन दिवस रुसले होते, आणि वाटीभर साखरेसाठी रुसले होते हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

मैत्रिणीच्या हातात मात्र पैसे कधी आलेच नाहीत. विड्या अम्माच्या नावावर, कार्ड अम्माचं, पैसे अम्माचे. आणि गंमत बघा, बालकामगारांविषयीचा कायदा झाला तो १९८६ साली, आमच्या या सुट्टीच्या दोनच वर्षं आधी. चौदा वर्षांखालच्या मुलांना ज्या कामांवर ठेवायला बंदी झाली त्यात विड्या वळणं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण त्याच कलमाला एक पुस्ती जोडलेली होती: मालक आपल्या कुटुंबाच्या मदतीनं जिथं काम करतो, तिथं ही बंदी नाही. तेव्हा आमच्या मागच्या उंबऱ्यावर जे चाललं होतं त्याच्याकडं बघायलाही कायद्याला कारण नव्हतं. २०१६ मध्ये कायदा बदलला, चौदाच्या आतल्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी आली. तरी शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावायची मुभा राहिलीच, काम धोक्याचं नसेल तर. ज्यांनी ही मुभा ठेवली ते अगदीच निर्दय होते असं मला वाटत नाही. घरच्या कामात शिकणं असतं, हे मीही मानते. पण घर म्हणजे मांडीवर सूप घेतलेल्या बाईचं घर, आणि माल दुसऱ्याचा, दर दुसऱ्यानं ठरवलेला, छाट काढणारा माणूस दुसऱ्याचा. मग मालक कोण, हे कलम लिहिणाऱ्यानं स्वतःला विचारलं होतं का?

भाऊ आता इंग्लंडमध्ये असतो. त्याची धाकटी मुलगी चौदाची झाली आणि शनिवारी एका दुकानात काम करायला लागली. त्यानं मला तिच्या परवान्याचा फोटो पाठवला. तिथं तेरा वर्षं पूर्ण झाली की थोडं काम करता येतं, पण स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. शाळेच्या दिवशी दोन तासांवर नाही, सकाळी सातच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही, शाळा चालू असताना आठवड्यात बारा तासांवर नाही. परवान्यावर पोरीचं नाव ठळक छापलेलं. भाऊ फोनवर म्हणाला, "बघ, रक्तातच आहे आमच्या." मी विचारलं, "फटाक्यांचं?" तो म्हणाला, "मग? तू कुठं काम करायचीस?" मी त्याला आठवण करून दिली. त्याला चादर आठवत होती, साड्या आठवत नव्हत्या.

मैत्रिणीची अम्मा आता कुंभारीला राहते. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली ती वसाहत, गोदूताई परुळेकरांच्या नावाची, दहा हजार घरांची. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापुरात आले तेव्हा तिचं लोकार्पण झालं. घर मिळायला विडीचं कार्ड उपयोगी पडलं. मैत्रीण तिच्या शेजारीच राहते आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये माल तपासते. गेल्या दिवाळीत गेले होते. अम्माला डोळ्यांनी कमी दिसतं, पण बोटं मोकळी असली की आपसूक काहीतरी गुंडाळत असतात, पदराचं टोक, पिशवीचा बंद.

मी मैत्रिणीला विचारलं, "तू कितव्या वर्षी काम करायला लागलीस गं?"

"युनिटमध्ये? लग्नानंतर."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी कुठं काम केले मी? ते अम्माचं होतं की." मग तिला माझं आठवलं. "काम तर तू केलीस. पिकोवालीकडं. काय देत होती ती तुला?"

"साडीला रुपया."

ती मनाशी हिशेब करायला लागली. युनिटमध्ये रोज हेच करते ती. "हातशिलाई पूर्ण का नुसती वरची कड?"

"वरची कड."

"मग बरं होतं." थोडं थांबून तिनं विचारलं, "दोरा कुणाचा?"

"माझा."

"तुझा?" ती अम्माकडं वळून तेलुगूत भराभर काही बोलली, आणि अम्मा एवढी हसली की तिला ठसका लागला. "लुटलीच की तुला बाई. दोरा आपला असला की चार आणे जादा मागायचे असतात. मला नाही का विचारायचं तेव्हा?"